आंघोळीपासून अंथरुणापर्यंत: लहान मुलांबरोबरचा रोजचा दिवस आनंदाचा कसा करायचा

घरात एक ते पाच वर्षांचं मूल असलं की आईचा दिवस पाच-सहा कामांभोवतीच फिरतो: उठवणं, कपडे, जेवण, आंघोळ, बाहेर जाणं-येणं आणि झोपवणं. मुलाबरोबर मजेत घालवायला वेगळा वेळ शोधायला गेलं तर तो सापडत नाही. सापडलाच तर तोवर दोघंही दमलेली असतात. म्हणून ही रोजची कामंच अशी मांडायची, की त्यांच्यात हसायला, बोलायला, थोडं रेंगाळायला जागा राहील. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत की शनिवार-रविवारची सहलही लागत नाही. थोडी पूर्वतयारी लागते, आणि काही ठिकाणी हात आखडता घ्यायची सवय.

आधी तीन दिवस नुसतं मोजा

तीन दिवस काहीही न बदलता कागदावर एवढंच लिहा: कोणतं काम कधी सुरू झालं, कधी संपलं आणि रडारड नेमकी कुठे झाली. तिसऱ्या दिवशी कागद पाहिलात की बहुधा लक्षात येईल, की भांडण कामाच्या मध्यात क्वचितच होतं. ते एक काम सोडून दुसऱ्याकडे जाताना होतं: खेळ थांबवून आंघोळीला, आंघोळीतून बाहेर, दारातून रस्त्यावर. खरी डागडुजी या सांध्यांची करायची आहे.

दुसरी चूक सापडते ती वेळेच्या अंदाजात. अडीच वर्षांच्या मुलाला आईने कपडे घातले तर दोन-तीन मिनिटं लागतात, त्याने स्वतः घातले तर सहज दहा. आपण मनात तीन धरतो, मूल दहा घेतं, आणि वरच्या सात मिनिटांचा राग त्याच्यावर निघतो. ही सात मिनिटं आधीच हिशेबात धरा. सकाळी एकूण पंधरा-वीस मिनिटं मोकळी ठेवावी लागतात. ती पहाटे लवकर उठून काढू नका, आदल्या रात्रीच्या तयारीतून काढा. आईची झोप कापून मिळवलेली मिनिटं संध्याकाळच्या चिडचिडीत खर्ची पडतात.

रात्रीची तयारी दहा मिनिटांची असते. कपड्यांचे दोनच जोड काढून मुलाच्या हाताला येतील असे ठेवा, आणि प्रत्येक जोडात सगळ्यांत वर तो कपडा ठेवा जो सगळ्यांत आधी घालायचा आहे. पायातलं दाराशी, बॅग दाराच्या मुठीला, पाण्याची बाटली भरून बॅगेतच. सकाळी "काय घालायचं?" असं विचारू नका. एवढ्या मोकळ्या प्रश्नाला लहान मुलाकडे उत्तर नसतं, म्हणून ते धुवायला टाकलेलाच सदरा मागतं. "निळा की पिवळा?" याचं उत्तर त्याला देता येतं, आणि आपण निवडलं याचा आनंद पुढची दहा मिनिटं टिकतो.

कपडे: शेवटचं पाऊल मुलाचं

"मी! माझं मी!" हे वाक्य दीड-दोन वर्षांपासून ऐकू यायला लागतं. त्याच्याशी झुंजण्यापेक्षा कामाचे तुकडे करून शेवटचा तुकडा मुलाच्या हाती ठेवावा. चेनची खालची जोडणी तुम्ही बसवा, ती छातीपर्यंत ओढून आणा आणि शेवटचे दोन इंच मुलाला ओढू द्या. काम त्याच्या हातून पूर्ण होतं, म्हणून ते त्याचं होतं. आठवड्याभराने तीन इंच सोडा, मग पोटापासून सोडा. उलटं केलं, म्हणजे सुरुवात मुलाने आणि शेवट आईने, तर मुलाला दरवेळी आपण अर्धवटच राहिलो असं वाटतं.

चड्डी किंवा पँट घालताना उभं राहणं हीच मुख्य अडचण असते, कारण एका पायावर तोल राहत नाही. पायरीवर किंवा बुटक्या स्टुलावर बसवा. पँट पुढची बाजू वर करून त्याच्यासमोर पसरा, दोन्ही पाय आत घालू द्या, मग उभं करा. इथे बहुतेक मुलं अडकतात ती मागच्या बाजूला: दोन्ही हात पुढच्या पट्ट्यावर असतात आणि मागचा भाग डायपरवर किंवा ढुंगणावर अडून बसतो. मुलाचा एक हात धरून मागे नेऊन ठेवा आणि "हा हात मागे" एवढंच म्हणा. तीन-चार दिवसांत हात आपोआप मागे जायला लागतो. पहिल्यांदा तो स्वतःहून मागे गेला की मुलाचा चेहरा जरूर बघा, कारण त्या क्षणी ते तुमच्याकडेच बघत असतं.

पुढून उघडं जाकीट असेल तर ते आतली बाजू वर करून जमिनीवर पसरायचं, गळा मुलाच्या पायांकडे. मुलाने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि सगळं डोक्यावरून मागे भिरकावायचं. तीन वर्षांच्या मुलाला हे दोन-तीन प्रयत्नांत जमतं. ते फसतं ते एकाच कारणाने: गळा उलट्या दिशेला ठेवलेला असतो आणि जाकीट उलटंपालटं येतं.

डाव्या-उजव्या बुटाचा गोंधळ सोडवायला एक गोल स्टिकर मधोमध कापा आणि दोन्ही बुटांच्या आत, टाचेजवळ, आतल्या कडेला एकेक अर्धं चिकटवा. बूट बरोबर शेजारी ठेवले की चित्र पूर्ण होतं. फुलपाखराचं किंवा मांजरीच्या तोंडाचं चित्र घेतलंत तर मूल रोज ते जुळवायला स्वतःहून धावतं.

सांधे: एका कामातून दुसऱ्यात नेताना

"पाच मिनिटांत निघायचंय" याचा तीन वर्षांच्या मुलाला काही अर्थ लागत नाही. मिनिटांऐवजी त्याला दिसेल असं माप द्या: "आणखी तीनदा घसरगुंडी, मग घरी." "हा मनोरा पूर्ण झाला की आंघोळ." मग मोजणी मोठ्याने करा आणि तिसऱ्यानंतर खरंच निघा. तीनाचे चार, चाराचे पाच झाले की दुसऱ्या दिवसापासून या मापाला किंमत राहत नाही.

सांगायची पद्धतही महत्त्वाची. स्वयंपाकघरातून हाक मारून दिलेली सूचना खेळात बुडालेल्या मुलापर्यंत पोचतच नाही. जवळ जा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, खांद्याला हात लावा आणि एकच वाक्य बोला. मग थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. लहान मुलाला ऐकलेलं समजून घेऊन शरीर हलवायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्या मधल्या शांततेत आपण तीच सूचना पुन्हा सांगितली तर त्याचा विचार तुटतो. बरेचदा सात-आठपर्यंत मोजेतो मूल उठलेलं असतं. आपण मात्र तीनलाच आवाज चढवतो आणि ते ऐकत नाही असं समजतो.

"पळू नको" ऐवजी "हळू चाल", "सांडू नको" ऐवजी "दोन्ही हातांनी धर". नकारात काय करायचं नाही एवढंच कळतं, काय करायचं ते कळत नाही.

खेळातलं काहीतरी पुढच्या कामात बरोबर येऊ द्या. गाडी आंघोळीला येऊ शकते, बाहुलीला आधी झोपवता येतं. एका पायावर उड्या मारत न्हाणीपर्यंत जाणं, बेडकासारखं जाणं, अजिबात आवाज न करता मांजरीसारखं जाणं या सगळ्याला अर्धं मिनिट लागतं, आणि ओढून नेण्याची पाच मिनिटं वाचतात.

आंघोळ

रोजच्या कामांत सगळ्यांत जास्त हसू दडलेलं असतं ते इथे, म्हणून वेळ काढायचा तर इथे काढा.

आधी सुरक्षितता, आणि इथे तडजोड नाही. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना ते ओरडत नाही, धडपडीचा आवाजही होतोच असं नाही. म्हणून टॉवेल, साबण, शॅम्पू, कपडे, डायपर हे सगळं मुलाला पाण्यात बसवण्याआधी हाताशी आणून ठेवा. फोन वाजला, दाराची घंटी वाजली, तर वाजू द्या. जावंच लागलं तर मुलाला टॉवेलात गुंडाळून बरोबर न्या. मोठ्या भावंडाला "जरा बघ" म्हणून बसवून जाऊ नका. आंघोळ झाली की टब आणि बादली लगेच रिकामी करा.

टबात आधी गार पाणी, मग गरम, आणि नीट ढवळायचं, कारण खालचं-वरचं पाणी वेगळं तापलेलं राहतं. पाणी ३७ ते ३८ अंश सेल्सिअस असावं. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा. हाताचा तळवा उष्णतेला सरावलेला असतो, त्याच्यावर विसंबू नका. कोपराला पाणी ना गरम ना गार वाटलं पाहिजे. बसलेल्या मुलाच्या बेंबीपर्यंत पाणी पुरे.

पाण्यात तीनच वस्तू द्या: एक साधा प्लास्टिकचा पेला, एक तळाला भोकं पाडलेला पेला आणि एक स्पंज. भोकं पाच-सहा, पेन्सिलीच्या टोकाएवढी, आणि कडा सॅंडपेपरने घासून गुळगुळीत केलेल्या. आता बघा काय होतं. दोन वर्षांचं मूल भोकांचा पेला भरतं, वर उचलतं आणि पाणी खालून पळून जाताना पाहतं. पुन्हा भरतं. चौथ्या-पाचव्या वेळी ते पेला उलटा करून तळ बघतं, एका भोकात बोट घालतं. मग बोट तसंच ठेवून पेला भरतं आणि उरलेल्या भोकांतून येणारी धार आपल्या गुडघ्यावर धरतं. या सगळ्यात तुमचं काम एवढंच, की काहीही समजावून सांगायचं नाही. फार तर म्हणा, "बोट लावलंस तिथून नाही आलं." ढीगभर खेळणी टबात टाकली की हे घडत नाही. मूल एकेक उचलून बाहेर फेकतं आणि पाच मिनिटांत कंटाळतं.

खेळ आधी, साबण नंतर, केस सगळ्यांत शेवटी. साबणाच्या पाण्यात फार वेळ बसलं की कातडी कोरडी पडते, खाज येते. आणि केस धुताना रडू आलंच तर ते शेवटी आलेलं बरं, कारण लगेच टॉवेलात आणि कुशीत जाता येतं. केस धुताना मुलं घाबरतात ती डोळ्यांत पाणी जाण्याला. छताला एक चित्र चिकटवा आणि "वर मासा कुठाय?" विचारा, म्हणजे मान आपोआप मागे जाते. कपाळावर घडी घातलेला कोरडा रुमाल मुलाने स्वतःच दोन्ही हातांनी दाबून धरायचा. पाणी कपाळाकडून मागे ओतायचं, आणि ओतण्याआधी "एक, दोन, तीन" म्हणायचंच. न सांगता एकदा जरी ओतलंत तरी पुढचे आठ-दहा दिवस ते मान मागे न्यायला तयार होत नाही.

बाहेर काढताना टॉवेल आधी तुमच्या छातीवर पसरा, मग मुलाला थेट त्यात घ्या. मूल थंडीने कुडकुडत नाही आणि रडत नाही. पुढची दोन मिनिटं कपड्यांची घाई करू नका. टॉवेलात गुंडाळलेलं, ओल्या केसांचं, गरम अंगाचं मूल त्या दोन मिनिटांत जेवढं बोलतं तेवढं दिवसभरात बोलत नाही.

दहा मिनिटं, फक्त त्याची

दिवसभर मुलाबरोबर असूनही ते "आई, बघ ना, बघ ना" करत राहतं, याचं कारण वेळ कमी पडतो हे नसतं. लक्ष तुकड्यातुकड्यांनी मिळतं, म्हणून ते मागत राहतं. त्यावर दहा सलग मिनिटांचा उतारा चांगला लागू पडतो.

रोज साधारण त्याच वेळी बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. खिशात असला तरी हात तिकडे जातो. घड्याळाला दहा मिनिटांचा गजर लावा आणि जमिनीवर बसा, खुर्चीत नको. काय खेळायचं ते मूल ठरवेल. तुम्ही तीन गोष्टी टाळायच्या: शिकवणं, दुरुस्त करणं आणि परीक्षा घेणं. "हा रंग कुठला?", "किती झाले?" हे प्रश्न मायेने विचारलेले असले तरी मुलाला त्यात तपासणी जाणवते. त्याऐवजी दिसतं ते बोला: "लाल गाडी पुलाखालून गेली." "आता सगळे प्राणी रांगेत उभे राहिले." मुलाने हत्तीला निळा रंग दिला तर हत्ती निळा. गजर झाला की "आजची आपली दहा मिनिटं संपली, उद्या पुन्हा" असं सांगून उठा. पहिले काही दिवस उठताना रडू येईल. रोज वेळ पाळलीत तर आठवड्याभरात ते ओसरतं.

दोन मुलं असतील तर दोघांना वेगवेगळी दहा मिनिटं, भले एकाची सकाळी आणि दुसऱ्याची संध्याकाळी असोत. दोघांना मिळून वीस दिली की ती लहान्यालाच जातात.

१९७० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक प्रयोग केला होता. आईने आधी बाळाशी हसून खेळायचं आणि मग काही मिनिटं चेहरा कोरा ठेवून नुसतं बघत राहायचं. बाळं आधी हसून, हात पुढे करून आईला परत बोलवायचा प्रयत्न करायची, ते जमलं नाही की अस्वस्थ व्हायची, नजर फिरवायची. हे कळलं की मूल बोलत असताना फोनकडे बघणाऱ्या आपल्या चेहऱ्याचं काय होत असेल ते वेगळं सांगावं लागत नाही. पण ट्रॉनिक यांच्या कामातला दुसरा भाग आयांना कमी सांगितला जातो, आणि तो फार दिलासा देणारा आहे. आई आणि बाळ यांचे सूर एरवीही सगळा वेळ जुळलेले नसतात, सुमारे एक तृतीयांश वेळच जुळतात. उरलेला वेळ चुकण्यात आणि पुन्हा जुळवून घेण्यात जातो, आणि हे पुन्हा जुळणंच नात्यासाठी मोलाचं असतं. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनीही परिपूर्ण आईपेक्षा "पुरेशी चांगली" आई मुलाला हवी असते, असं मांडलं होतं. दहा मिनिटं चुकली तर उद्याची दहा आहेत.

जेवण

इथे नियम थोडके बरे. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली वाटणी घरोघरी उपयोगी पडते: काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते मुलाने. ताटात एक तरी ओळखीचा, आवडीचा पदार्थ ठेवा, बाकीचे चमचाभर. नवा पदार्थ आवडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो. दोनदा नाकारला म्हणून सोडून देऊ नका आणि एकदाही कोंबू नका.

पाय लोंबकळत असले की मूल चुळबुळ करतं, त्यामुळे पायांखाली टेकू हवा. पेल्यात पाणी दोन बोटं एवढंच. सांडलं तरी पुसायला एक फडकं पुरतं आणि आवाज चढत नाही. फडकं टेबलावरच ठेवा, पुसायचं काम मुलाचं. पंधरा-वीस मिनिटांनी जेवण संपवा, ताट रिकामं असो वा नसो. खाताना मूल बसलेलंच हवं. पळत, हसत, झोपून खाताना घास श्वासनलिकेत अडकतो. गोल, कडक, गुळगुळीत काहीही चार-पाच वर्षांपर्यंत अख्खं देऊ नका. लांबीत चार तुकडे करा किंवा कुटून द्या.

घरकामात लुडबूड

दीड वर्षाचं मूल धुतलेले कपडे एकेक करून बादलीतून तुमच्या हातात देऊ शकतं. दोन वर्षांचं ओल्या फडक्याने स्टूल पुसतं, कुंडीला पाणी घालतं. तीन वर्षांचं मोज्यांच्या जोड्या लावतं, चार वर्षांचं रुमालाची चौकोनी घडी घालतं. काम लवकर व्हावं म्हणून हे करायचं नाही. याने काम लांबतं. पण मुलाला तुमच्या शेजारी खरं काम करताना जो अभिमान वाटतो तो खेळण्याच्या भांड्यांनी येत नाही.

फडकं घट्ट पिळून द्या, नाहीतर सगळीकडे तळं होतं. झारी लहान आणि अर्धीच भरलेली. कपड्यांच्या ढिगाऐवजी दहाच मोजे समोर. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्याने घातलेली घडी त्याच्यादेखत पुन्हा घालू नका. वाकडी घडी कपाटात वाकडीच ठेवा. आपलं काम आई मागाहून दुरुस्त करते हे दोनदा दिसलं की तिसऱ्यांदा मूल येत नाही.

संध्याकाळचा अवघड तास

जेवणाच्या आधीचा एक तास बहुतेक घरांत सगळ्यांत वाईट जातो. मूल दमलेलं आणि भुकेलं असतं, आईही तशीच. त्यात बाहेरून आलेली आई थेट कामाला लागली तर पिरपिर ठरलेली. घरात पाऊल टाकलं की आधी दहा मिनिटं मांडी द्या, मग काम. ही दहा मिनिटं न देता काम सुरू केलं तर तेवढीच मिनिटं पायांत घुटमळणाऱ्या मुलाला बाजूला करण्यात जातात, तीही रागाने.

तरीही मूल कधी कधी भोकाड पसरणारच. तेव्हा समजावणं, विचारणं, धमकावणं सगळं बंद. त्या अवस्थेत त्याला शब्द पोचत नाहीत. आसपास लागेल असं काही असेल तर हलवा, जवळ खाली बसा, आवाज हळू करा. एकच वाक्य: "तुला अजून खेळायचं होतं. राग आलाय." हात पुढे ठेवा, पण ओढून जवळ घेऊ नका. काही मुलांना तेव्हा स्पर्श सहन होत नाही. हुंदके लांब लांब व्हायला लागले की वादळ ओसरतंय असं समजा. मग पाणी द्या, कुशीत घ्या. ज्या गोष्टीला नाही म्हटलं होतं तिला आता हो म्हणू नका.

आणि तुमचाच तोल जातोय असं वाटलं तर मुलाला पाळण्यात किंवा दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवून दोन-तीन मिनिटं खोलीबाहेर जा. थंड पाणी तोंडावर मारा. रडणारं मूल सुरक्षित जागी दोन मिनिटं रडलं तर काही बिघडत नाही. रागात बाळाला गदागदा हलवणं मात्र जीवघेणं ठरू शकतं.

ओरडलात, तर नंतर जुळवून घ्यायचं वाक्य छोटं ठेवा: "मी मोठ्याने ओरडले. तुला भीती वाटली असेल. तसं ओरडायला नको होतं." त्याच्या पुढे "पण तूच..." जोडू नका. ते जोडलं की माफीची तक्रार होते.

झोप

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाच्या डुलक्या धरून ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. याच मार्गदर्शनात एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी असं म्हटलं आहे. एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. हे आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत. दिवसभर बसून राहिलेलं मूल रात्री झोपत नाही, आणि न झोपलेल्या मुलाबरोबरचा दुसरा दिवस कोणालाच सुखाचा जात नाही.

सकाळी उठायची वेळ धरा आणि मागे मोजत या. तीन वर्षांच्या मुलाला साडेसहाला उठायचं असेल आणि दुपारी तासभर झोप होत असेल, तर रात्री साडेआठला डोळे मिटायला हवेत. म्हणजे आठला सुरुवात. तासभर आधीच स्क्रीन बंद, दिवे मंद. मग चार गोष्टी, रोज त्याच क्रमाने: दात, शू, गोष्ट, गाणं. क्रम बदलला की मूल प्रत्येक पायरीवर वाटाघाटी करतं. गोष्टीनंतर "तहान लागली" येणारच, म्हणून पाणी आधीच उशाशी. मूल डोळे चोळायला लागल्यावर सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. अति दमलेलं मूल झोपण्याऐवजी उधळतं. नजर स्थिर व्हायला लागली, हालचाल मंदावली, की लगेच उठा.

तेच पुस्तक विसाव्यांदा मागितलं तर तेच वाचा. पुढे काय येणार हे माहीत असण्यातच त्याला मजा असते. वाचताना बोट शब्दांखालून फिरवा, आणि ओळखीच्या वाक्याचा शेवटचा शब्द गिळून थांबा. "आणि दार उघडलं तर आत..." अंधारात शेजारून जो शब्द येतो तो ऐकण्यासाठी थांबावं. एखादं पान तुम्ही चुकवलंत तर ते लगेच पकडलं जाईल, तेव्हा दमला असाल तर मुळात छोटं पुस्तक निवडा.

आईचं स्वतःचं

आठवड्यातून किमान दोनदा, एकेक तास, मूल पूर्णपणे दुसऱ्या मोठ्या माणसाच्या ताब्यात द्या. पूर्णपणे म्हणजे डायपर, भूक, रडणं सगळं त्यांच्याकडे. शेजारच्या खोलीतून सूचना द्यायच्या नाहीत. तुमच्याहून वेगळ्या पद्धतीने झालं तरी चालेल. मदत मागताना "जरा मदत कर" असं मोघम नको. "मंगळवारी आणि शुक्रवारी सात ते आठ तुम्ही सांभाळा" असं ठरवून घ्या. त्या तासात घरकाम करू नका. झोप येत असेल तर झोपा.

हे सगळं करूनही सलग दोन आठवडे मन उदास राहिलं, मुलाकडे बघून काहीच वाटेनासं झालं, मूल झोपलेलं असतानाही झोप लागत नसेल, भूक गेली असेल, आपण वाईट आई आहोत हेच डोक्यात फिरत असेल, तर डॉक्टरांकडे जा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात हे बऱ्याच जणींना होतं. हा आजार आहे आणि तो उपचारांनी बरा होतो. नियोजन चुकलं म्हणून तो झालेला नसतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर थांबू नका. त्याच दिवशी घरातल्या माणसाला सांगा आणि त्याला बरोबर घेऊन दवाखान्यात जा.

एक ओळ

उशाशी एक वही ठेवा आणि तिला दोरीने पेन बांधा. पेन शोधावं लागलं की लिहिणं राहून जातं. रात्री एकच ओळ: तारीख, मुलाचं वय वर्षं-महिन्यांत, आणि आज ते जे बोललं ते जसंच्या तसं. "फुलपाकलू" म्हणालं असेल तर "फुलपाकलू"च लिहा, शुद्ध करू नका. हे उच्चार काही आठवड्यांत बदलतात आणि मग आठवू म्हटलं तरी आठवत नाहीत. फोटोत ते येत नाहीत. महिन्यातून एकदा मिनिटभर आवाजही रेकॉर्ड करा, शक्यतो त्याला न सांगता, ते स्वतःशीच खेळत बडबडत असताना. रेकॉर्डिंगच्या नावात तारीख आणि वय घाला. नाहीतर दोन वर्षांनी साठ फायलींतून दीड वर्षाचा आवाज शोधता येत नाही.